दोनदा मारून, मग धरून

१

ब्रेकची हवा काढायची तर माणसं दोन लागतात. एक गाडीत बसून पॅडल दाबणारा आणि दुसरा चाकामागं उताणा पडलेला. खालच्यानं 'दाब' म्हणायचं. वरच्यानं पॅडल दोनदा मारून तिसऱ्यांदा दाबून ठेवायचं आणि 'धरलं' म्हणून सांगायचं. मग खालचा पान्यानं चाकावरची निपल ढिली करतो, बुडबुडे आणि ऑइल नळीतून बाटलीत उतरतं आणि वरच्याच्या पायाखालचं पॅडल हळूहळू बुडत जातं. निपल आवळली की खालून 'सोड' असा आवाज येतो. तोवर वरच्यानं पाय उचलायचा नसतो. कोणी हाक मारली, विंचू चढला, तरी नाही. पाय आधी उचलला तर बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

राणीसावरगावच्या स्टँडमागं मुंजाजीचं पत्र्याचं शेड होतं. परभणीच्या एका वर्कशॉपात अकरा वर्षं घासून तो गावी परतला होता. हात चांगला, तोंड फटकळ. शेडमध्ये बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली पान्यांची फळी. गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधून कोणी आलं तर मुंजाजी आधी चाकूनं तो दोरा कापायचा आणि मगच बॉनेट उघडायचा. "इंजनाला नजर लागत न्हाई, घाण लागती," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सबंध गाव भानामतीच्या नावानं चळाचळा कापत होतं त्या वर्षीसुद्धा त्यानं वस्तीतल्या पोरीबाळींना भिऊ दिलं नव्हतं. छपरावर दगड पडतात म्हटल्यावर तोच शिडी लावून वर चढला होता.

नामांतराचा ठराव होऊन दीड वर्ष उलटलं होतं आणि विद्यापीठाचं नाव काही बदललं नव्हतं. डिसेंबरचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या अकरा बाया सत्याग्रहाला परभणीला जाणार होत्या. एस.टी. बंद होती, म्हणून दत्तरावची जीप ठरली होती. दत्तराव वस्तीतलाच. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप त्यानं घेतली होती आणि तिला तो घरच्या बैलासारखा जपायचा.

दुपारी त्यानं जीप शेडसमोर आणून उभी केली आणि खाली उतरता उतरता म्हणाला, "मिस्तरी, पॅडल पोचं लागायलंय. तसं काई लय न्हाई. दोनदा मारलं की धरतंय."

हे शेवटचं वाक्य मुंजाजीला आवडलं नाही. त्यानं चाकाला दगड लावला आणि सीटवर जाऊन बसला.

२

पहिल्यांदा पाय दिला तर पॅडल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. दुसऱ्यांदा जरा वर लागलं. तिसऱ्यांदा धरलं. मुंजाजीनं तसाच पाय दाबून ठेवला आणि मनात शंभर आकडे मोजले. पॅडल तिथंच राहिलं, तसूभरही खाली गेलं नाही. म्हणजे ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरातलं रबर शाबूत. मारून मारून वर येतंय म्हणजे नळीत हवा शिरलीय. दुखणं साधं होतं.

पण हवा शिरली कुठून? त्यानं चारी चाकांमागं हात फिरवला. सगळं कोरडं. रबरी नळ्या वाकवून पाहिल्या, कुठं फुगवटा नाही, भेग नाही. ऑइलचा डबा काठोकाठ भरलेला. जिथून ऑइल बाहेर येत नाही तिथून हवा आत जायचं कारण नाही.

"परवा कुनी हात लावलाय का गाडीला?"

"तुमच्याशिवाय कोन लावतंय?" दत्तराव म्हणाला. "तीन आठवड्यामागं तुमी ते सिलिंडर बदललं, तवापून खीळबी उघडली न्हाई."

ते सिलिंडर मुंजाजीच्या चांगलंच ध्यानात होतं. दत्तरावच्या गाडीचं जुनं मास्टर सिलिंडर आतून ओरखडलेलं निघालं होतं. नवं मिळायचं नांदेडला, तेही मिळालं तर. म्हणून त्यानं शेडमागच्या भंगारातून एक सोडवून काढलं, बारीक पॉलिशकागदानं आतून घासून आरशासारखं केलं, नवी रबरं घातली आणि बसवलं. असं सगळेच करतात. खेड्यातला मिस्तरी मेलेल्या गाडीवर जित्या गाड्या जगवतो, त्यात नवल ते काय?

भंगारातली ती गाडी सटवाजीची होती. दोन वर्षांपूर्वी ओढ्याच्या उतारावरून खाली गेली होती, सटवाजीसकट.

"काढू हवा," मुंजाजी म्हणाला. "बस सीटवर."

३

मास्टर सिलिंडरापासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, म्हणजे मागचं डावं. मुंजाजी गोणपाट टाकून खाली शिरला, निपलवर नळी चढवली, नळीचं दुसरं टोक ऑइल घातलेल्या काचेच्या बाटलीत बुडवलं.

"दाब."

"धरलं."

बुडबुडे आले. एवढे आले की मुंजाजीनं भुवया उंचावल्या. दहा वेळा दाबून झालं, पंधरा वेळा झालं, बुडबुडे थांबेनात. एवढी हवा चारी चाकांच्या नळ्यांत मिळूनसुद्धा मावली नसती. बाटली दोनदा रिकामी केली. दत्तरावचा पाय भरून आला.

"मिस्तरी, पाणी पिऊन येतो हॉटेलातून. तोंडाला कोरड पडली."

"जा. तवर मी निपल उघडी ठिवतो. वजनानं ठिबकंल तेवढं ठिबकंल."

हीही एक रीत असते. वरचा डबा उंचावर, निपल खाली. घाई नसेल तर ऑइल आपल्या आपण उतरतं, थेंबाला थेंब लागून. मुंजाजीनं डब्यात ऑइल भरून घेतलं, परत खाली येऊन डोक्याखाली हात घेतला आणि बाटलीकडं बघत पडून राहिला. रस्त्यापलीकडं दत्तरावची चप्पल हॉटेलाच्या पायरीशी पोचल्याचं त्याला चाकाच्या फटीतून दिसत होतं.

थेंब पडत होते. एक, एक, एक.

मग थांबले. आणि नळीतून ऑइलची चिळकांडी आली. लगेच दुसरी. मग तिसरी आली ती थांबेचना, बराच वेळ एकसारखी धार लागली आणि मग मंदावत गेली.

मुंजाजी पडल्या पडल्या ताठ झाला.

थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा. दोन आखूड, एक लांब. आपण हजार वेळा वरच्या माणसाकडून हेच करून घेतलंय, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. दोनदा मारून, मग धरून.

"दत्त्या, चेष्टा बंद कर," तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याची नजर चाकाच्या फटीतून पलीकडं गेली. दत्तरावच्या चपला हॉटेलाच्या पायरीवरच होत्या. दत्तराव त्या चपलांत होता आणि कोणाशी तरी बोलत होता.

उन्हानं पत्रा तापतो, डब्यातलं ऑइल फुगतं, नळीत दाब येतो. मुंजाजीनं हे कारण शोधलं आणि ते धरून ठेवलं. पण डिसेंबरातलं ऊन ते केवढं. आणि फुगलेलं ऑइल कधी मोजून येतं का?

४

तो सरपटत बाहेर निघाला आणि गुडघ्यावर उभा राहून त्यानं ड्रायव्हरच्या बाजूनं आत पाहिलं.

सीट रिकामी होती. सीटवरच्या फडक्याला दत्तरावच्या बसण्याचा खळगा होता. खाली तीन पॅडलं होती. क्लच वर होता. ॲक्सिलरेटर होता तिथंच होता. मधलं ब्रेकचं पॅडल खाली तळाला होतं आणि मुंजाजी बघत असताना ते वर येत होतं.

झटक्यात नाही. स्प्रिंगनं ओढलेलं पॅडल खट्कन वर येतं. हे सावकाश येत होतं, वर एखाद्याचा पाय असावा आणि त्यानं तो सांभाळून उचलावा तसं. शेवटची दोन बोटं राहिली तेव्हा ते थांबलं. मुंजाजीला वाटलं, आपण बघतोय हे कळल्यामुळं थांबलं. त्याच क्षणी त्याला स्वतःचा रागही आला.

"स्प्रिंग ढिली झाली," तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं.

त्यानं स्प्रिंग बदलली. तिला काही झालेलं नव्हतं, तरी बदलली. मग दत्तराव आला. दोघांनी मिळून मागचं डावं चाक पुरं केलं, मागचं उजवं केलं, पुढचं डावं केलं, पुढचं उजवं केलं. आता बुडबुडा औषधालाही सापडेना. निव्वळ ऑइल, काचेसारखं स्वच्छ. सगळं आवळून झाल्यावर मुंजाजीनं पाय देऊन पाहिला. पहिल्याच पायाला पॅडल दगडासारखं लागलं.

"आता कसं, येक नंबर," दत्तराव खूश झाला.

मुंजाजीनं जीप काढली, एकट्यानं स्टँडपासून शाळेपर्यंत नेली आणि परत आणली. तीनदा करकचून ब्रेक मारले. चारी चाकं एकदम धरत होती. याहून चांगला ब्रेक त्यानं जन्मात बांधला नव्हता. तरीही जीप लावून उतरताना त्याला पॅडलकडं बघवलं नाही.

सिलिंडर बदलावं, हे त्याच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. पण बदलायला दुसरं नव्हतं, आणि दत्तरावला काय सांगणार? चांगलं चालणारं सिलिंडर का काढायचं म्हणून?

५

दिवेलागणीला घरी आला तर ओसरीवर भाकऱ्यांची चवड होती आणि सरजाबाई धपाट्यांचं पीठ मळत बसली होती. मुंजाजीची ही बायको चार वर्गही शिकलेली नव्हती, पण उद्याच्या अकरा जणींची पुढारी तीच होती. कोणाच्या लेकराला कोणाकडं ठेवायचं, तुरुंगात पडलो तर जनावरांना वैरण कोण टाकणार, सगळं तिनं लावून दिलं होतं.

"झाली का गाडी?"

"झाली." तो भिंतीला टेकून बसला. "सरजे, उद्या तू जाऊ नगं."

तिचे हात थांबले. "का? बिरेक न्हाई का झालं नीट?"

"झालं. येकदम चांगलं झालं."

"मंग?"

आता काय बोलावं? गाडी चांगली आहे, पण तिच्यात कोणीतरी बसतं, असं म्हणावं? ज्या माणसानं गावातल्या निम्म्या गाड्यांचे लिंबू कापून फेकले त्यानं? उद्या सटवाजीच्या उतारावर नारळ फोडायला बसलेल्यांना मग कोणत्या तोंडानं हसायचं? भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती, हे खरं.

सरजाबाईनं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. "त्या तिकडच्या गल्लीत तिघींच्या मालकांनी आज हेच केलं. येकाच्या पोटात दुखायलंय, येकाची म्हैस व्याया झालीय. मी त्या बायांना म्हणलं, आमचे मालक तसले न्हाईत." ती पुन्हा पीठ मळू लागली. "आन् कडूबाईबी येयलीय. दोन वर्सात ती त्या उतारावरून गेली न्हाई, माहेरालाबी न्हाई गेली. मी हात धरून तयार केलंय तिला. आता मीच घरी बसू का?"

कडूबाई म्हणजे सटवाजीची बायको.

"मंग गाडी मी चालवीन," मुंजाजी म्हणाला. "उतार संपूस्तर तरी."

"चालवा की. त्याला कोन नको म्हणतंय?"

६

सटवाजी गेला त्या दिवसाचं गावाला जे माहीत होतं ते एवढंच : उतारावर ढोरं आडवी आली, गाडी रिकामी होती म्हणून दुसरं कोणी गेलं नाही, आणि सटवाजीला बाहेर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय ताठ होता. गुडघ्यात वाकवता वाकवेना. तसाच नेला.

मुंजाजीला याहून थोडं जास्त माहीत होतं.

त्या सकाळी सटवाजी त्याच्याकडंच आला होता. हवा काढायची होती. सीटवर तो स्वतःच बसला होता, पॅडल मारत होता, 'धरलं' म्हणत होता. तीन चाकं झाली. चौथ्याला नळी लावायची तेवढ्यात गंगाखेडहून निरोप आला की पावणे खोळंबलेत, लवकर ये. सटवाजीनं घाई केली. आणि मुंजाजीलाही दुसऱ्या एका गाडीचं इंजन उतरवायचं होतं.

"ऱ्हाऊ दे आता," मुंजाजी म्हणाला होता. "येक चाक राहिलं तर काय बिघडत न्हाई. दोनदा मारून घेत जा. धरतंय."

सटवाजीनं विश्वास ठेवला. मिस्तरीवर ठेवतातच.

हे मुंजाजीनं कोणाला सांगितलं नव्हतं. पंचनाम्याला आलेल्या जमादाराला नाही, सरजाबाईला नाही. कडूबाई जेव्हा भंगार झालेल्या गाडीकडं बोट करून म्हणाली, "भावजी, तुमीच लावा हिची वासलात, माज्यानं बघवत न्हाई," तेव्हाही नाही. त्यानं मान हलवली होती आणि गाडी ओढून शेडमागं आणली होती. दोन वर्षं तो वस्तीला सांगत आला होता की मेल्यावर माणूस उरत नाही. ते त्याला पटलेलं होतं. आणि ते खरं असण्यातच त्याची सोय होती, हेही त्याला पुरतं ठाऊक होतं.

७

सकाळी आठ वाजता जीप भरली. मागं बाया दाटीवाटीनं बसल्या, दत्तराव मागच्या पायरीवर लटकला. पुढं मुंजाजीशेजारी सरजाबाई आणि तिच्या पलीकडं कडूबाई. तिनं कडेची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मागून घोषणा झाली, मग गाणं सुरू झालं. मुंजाजीनं निघण्याआधी पाय देऊन पाहिला. दगड.

उतार गावापासून तीन मैलांवर. वरून पाहिलं तर रस्ता डाव्या अंगाला वळत वळत ओढ्याच्या फरशीपर्यंत जातो आणि उजव्या हाताला करवंदीच्या जाळ्या, त्याखाली नुसता खडक. मुंजाजीनं दुसरा गिअर टाकला. पहिल्या वळणाला ब्रेक लावला, चांगला लागला. दुसऱ्याला लावला, लागला. त्याचा श्वास जरा मोकळा झाला.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडं त्यानं पाय दिला आणि पॅडल लोण्यात गेलं.

गाडीनं वेग घेतला. मागची गाणारी एकही बाई थांबली नाही, कारण कोणाला काही कळलंच नव्हतं. मुंजाजीनं पाय उचलून पुन्हा मारला. पोकळ. पुन्हा मारला. जाळ्या जवळ आल्या. आणि तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पॅडल धरलं. ते त्याच्या पायानं धरलं असं त्याला वाटलं नाही. त्याच्या पंजावर वरून वजन आलं. कोणीतरी आपला पाय त्याच्या पायावर ठेवून सगळ्या ताकदीनं दाबावा, तसं.

चाकं घसटली, गाडी आडवी झाली आणि वळणाच्या कडेला हातभर जागा ठेवून थांबली. इंजन बंद पडलं. गाणंही थांबलं.

"उतरा," मुंजाजी म्हणाला. "सगळ्याजणी उतरा. येकेक करून. हालवू नका गाडी. दत्त्या, दगड लाव चाकाला."

"काय झालं?" सरजाबाईनं विचारलं.

"आधी उतर."

गाडी अडून राहावी म्हणून त्यानं गिअर उलटा टाकला. बाया भराभर उतरू लागल्या. आणि त्याच्या पायाखालचं पॅडल बुडायला लागलं. पोचं नव्हतं ते. हा स्पर्श मुंजाजीच्या ओळखीचा होता. सावकाश, एकसारखं बुडणं. खाली चाकामागं कोणीतरी पान्यानं निपल ढिली केल्याशिवाय पॅडल असं बुडत नाही.

पाचवी बाई उतरली. सहावी. एका म्हातारीचं लुगडं पायरीत अडकलं, ते सोडवण्यात वेळ गेला. पॅडल आणखी दोन बोटं खाली गेलं. तो मोजत होता. नववी. सरजाबाईनं कडूबाईला आधी उतरवलं, मग स्वतः उतरली. दत्तरावनं चारी चाकांना दगड लावले आणि वरून आणखी लावले.

"झालं मिस्तरी. आता हालत न्हाई. उतरा तुमी."

पॅडल तळाला टेकलं होतं. मुंजाजीनं पाय उचलला नाही. पायावर वजन होतं का? आता नव्हतं. उचलला असता तर उचलला गेला असता. पण निपल उघडी असताना पाय उचलायचा नसतो, हे त्याच्या हाडात होतं, आणि खालून अजून कोणी 'सोड' म्हटलं नव्हतं.

८

"आवो, उतरत का न्हाईत?" सरजाबाई दाराशी आली.

"दत्त्या, खाली बघ. खाली कोन हाय बघ."

दत्तराव वाकला. चारी बाजूंनी वाकून पाहिलं. "कुनी न्हाई मिस्तरी. ऑइलबी गळालेलं न्हाई. कोरडं ठाक हाय."

"नीट बघ."

"बघितलं की. भ्यालाव तुमी. या खाली, पाणी प्या."

बाया रस्त्याच्या आतल्या बाजूला घोळका करून उभ्या होत्या. कडूबाई त्यांच्यातून निघाली आणि गाडीच्या पुढं आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी ती थांबली, मान वाकडी करून काहीतरी ऐकल्यासारखं केलं आणि मग गुडघे टेकून खाली वाकली.

मुंजाजीला सीटवरून फक्त तिची पाठ दिसत होती आणि मोकळं डोकं. पदर धावपळीत खांद्यावर घसरला होता. ती बराच वेळ तशीच राहिली. मग तिचा हात मागं आला, पदर चाचपला आणि तिनं तो डोक्यावरून नीट कपाळापर्यंत ओढून घेतला. घरात मालक आल्यावर बाया घेतात तसा. दोन वर्षांत तिला असा पदर घेताना कोणी पाहिलं नव्हतं.

ती काहीतरी हळू बोलली. थांबली. 'हूं' म्हणाली. पुन्हा थांबली.

दत्तराव दोन पावलं मागं सरकला. सरजाबाईनं मुंजाजीच्या दंडाला धरलं होतं, पण ती कडूबाईकडंच बघत होती.

कडूबाई उठली. गुडघ्याला लागलेली माती झटकली आणि मुंजाजीच्या दाराशी आली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. खाली, पॅडलवरच्या पायाकडं पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "ते इचारायलेत, त्या दिवशी कोणतं चाक ऱ्हायलं हुतं?"

सरजाबाईचा हात त्याच्या दंडावरून निघाला. खाली ओढ्याचं पाणी वाहत होतं, त्याचा आवाज इथवर येत होता. आपल्याला खोटं बोलता येईल, हे मुंजाजीच्या मनात आलं. कोणतं चाक, काय म्हणतेस वहिनी, असं म्हणता येईल. दगड लावलेले होते, बाया उतरलेल्या होत्या, पाय उचलून खाली उतरता येत होतं.

"फुडचं," मुंजाजी म्हणाला. "उजव्या हाताचं."

कडूबाईनं मान हलवली. ती परत चाकापाशी गेली, पदर सावरून वाकली आणि तिनं ते खाली सांगितलं.